डावा हात हँडलवर: जुन्या एल्सिनोरवर क्लचशिवाय गिअर टाकायला शिकताना

लहानपणी जोतिबाला जाताना मी बाबांच्या येझदीच्या टाकीवर बसायचो. चढ लागला की बाबांचा डावा हात हँडलवरून निघून माझ्या पोटाभोवती यायचा, आणि तरी गिअर पडत राहायचे. खट्, खट्. येझदीत, आणि तिच्या आधीच्या जावातही, गिअरचा दांडा पायाने हलला की आतली यंत्रणा क्लच आपोआप सोडवते, हे मला फार उशिरा कळलं. तोवर माझी एकच समजूत होती: बाबांना क्लच लागत नाही.

आता मी अठ्ठेचाळीस वर्षांचा आहे आणि ओहायोत कोलंबसजवळ राहतो. ९ जून २०२४ला मी जुन्या गाड्यांच्या मोटोक्रॉस शर्यतीत, म्हणजे खड्ड्या-उंचवट्यांच्या मातीच्या ट्रॅकवरच्या शर्यतीत, पहिल्यांदा उतरलो. त्याआधीचे आठ महिने गाडी, कागदपत्रं आणि मुख्य म्हणजे क्लच न दाबता गिअर टाकण्याची सवय यात गेले. ही शेवटची गोष्ट कुणी नीट, पायरीपायरीने सांगितलेली मला मराठीत सापडली नाही, म्हणून सगळं आठवेल तसं लिहून ठेवतोय.

गाडी होंडाची, १९७४ची सीआर२५०एम एल्सिनोर. मोटोक्रॉससाठी होंडाने विकायला काढलेली ही पहिली टू-स्ट्रोक. १९७३मध्ये ती आली आणि त्याच वर्षी गॅरी जोन्सने तिच्यावर अमेरिकेचं २५० सीसीचं राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकलं. पाच गिअर, पहिला खाली, बाकी वर. लेक्सिंग्टनच्या मिड-ओहायो ट्रॅकवर दर उन्हाळ्यात जुन्या मोटरसायकलींचा मेळा भरतो. तिथल्या जुन्या सामानाच्या बाजारात मी २०२३च्या जुलैत ही गाडी पहिल्यांदा जवळून पाहिली. चंदेरी ॲल्युमिनियमची टाकी, तिच्यावर हिरवा पट्टा. ती विकायची नव्हती. पण ऑक्टोबरात दीडशे किलोमीटरवरच्या एका गावात तशीच दुसरी मिळाली, ४,६०० डॉलरना.

पहिला धडा कागदाचा. ओहायोत गाडीची मालकी बदलते ती काउंटीच्या क्लर्क ऑफ कोर्ट्सच्या टायटल ऑफिसात, आणि जन्मात डांबरी रस्त्यावर येणार नाही अशा गाडीलाही हा मालकीचा कागद, म्हणजे टायटल, लागतो. विकणाऱ्याची सही नोटरीच्या समोर व्हावी लागते. आमच्या विकणाऱ्याने भलेपणाने आदल्या रात्रीच सही करून ठेवली होती. नोटरीने शिक्का मारायला नकार दिला. विकणाऱ्याला कागदाची नवी प्रत काढावी लागली, मला परत तीनशे किलोमीटरची खेप पडली आणि सोळा दिवस गेले. तेव्हा गाडी बघायला जायच्या आधी फोनवर सांगून ठेवा की कागदावर पेन टेकवू नका, आपण दोघं मिळून नोटरीकडे जाऊ. बहुतेक बँकांच्या शाखांत नोटरी बसतो.

दुसरी गोष्ट मोजपट्टीची. अमेरिकन हिस्टॉरिक रेसिंग मोटरसायकल असोसिएशनच्या व्हिंटेज वर्गात १९७४पर्यंतच्या गाड्या चालतात. सस्पेन्शनची हालचाल पुढे सात इंच आणि मागे चार इंच, याहून जास्त चालत नाही. माझ्या गाडीला आधीच्या कुणीतरी लांब शॉक लावले होते. चालवायला छान, पण शर्यतीला अपात्र. जुन्या मापाची जोडी मिळवायला नव्वद डॉलर आणि तीन आठवडे लागले. गाडी घेताना मागचं चाक उचलून धरा आणि पट्टी लावून पाहा.

नोव्हेंबरात शेजारच्या शेतात पहिल्यांदा गाडी फिरवली आणि वीस मिनिटांत डाव्या हाताची बोटं मिटेनाशी झाली. पन्नास वर्षांपूर्वीचा वायरवाला क्लच, कडक स्प्रिंगा, त्यात खड्ड्याखड्ड्यांतून हँडल आवळून धरायचं. कोपरापासून मनगटापर्यंतचा हात दगड होतो. क्लचशिवाय गिअर टाकण्यात वेळ वाचतो असं सगळे म्हणतात, आणि वाचतोही. पण माझ्या मते खरं कारण ते नाही. खडबडीत जागी चारही बोटं हँडलवर राहतात, ते महत्त्वाचं. एका बोटानेही लिव्हर धरला असताना पुढचं चाक चाकोरीत आडवं झालं, तर उरलेल्या बोटांनी ते सावरत नाही.

आमच्या गल्लीच्या टोकाला सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ राहतात. सत्तरच्या दशकात ते याच भागात शर्यती करायचे. मी मनातल्या मनात त्यांना गुरुजी म्हणतो. त्यांनी माझी गाडी एकदा चालवून पाहिली आणि उतरल्यावर इतकंच म्हणाले की आधी गिअरबॉक्स उघड, मग शिकू. मला ते अती वाटलं होतं. गिअर तर पडत होते.

जानेवारी २०२४मध्ये इंजिन उघडलं. या इंजिनाचं केसिंग मधोमध उभं दुभागतं, त्यामुळे गिअरपर्यंत पोचायचं तर क्रँकही, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतो तो दांडाही, बाहेर येतो. म्हणजे ही एका संध्याकाळची कामगिरी नाही. आत जे दिसलं ते अजून डोळ्यांसमोर आहे. गिअरच्या चाकाच्या कुशीला बोटाच्या पेराएवढे जाड दात असतात, त्यांना डॉग म्हणतात. तिसऱ्या गिअरच्या डॉगचे कोपरे चघळलेल्या खडीसाखरेसारखे गोल झाले होते, आणि तो गिअर सरकवणाऱ्या फोर्कच्या टोकाला निळसर डाग पडला होता. घासून घासून तापला की लोखंडाला असा रंग येतो. कुणीतरी वर्षानुवर्षं या गाडीला लाथा मारून गिअर घातले होते.

इथे थोडं थांबतो, कारण सगळी मेख इथेच आहे. गिअरबॉक्समधली चाकं कायम एकमेकांत गुंतलेली असतात. आपण गिअर बदलतो तेव्हा एका चाकाचे डॉग खाचांतून निघतात आणि दुसऱ्या चाकाचे जाऊन बसतात. इंजिन ओढत असेतोवर डॉग खाचेच्या भिंतीला दाबून बसलेले असतात. त्या भिंती मुद्दाम किंचित आत झुकवलेल्या असतात, ओढ वाढली की पकड घट्ट व्हावी म्हणून. अशा वेळी पायाने कितीही जोर लावा, फोर्क वाकेल पण डॉग निघणार नाही. क्लच दाबला की ती ओढ जाते. उजव्या हातातली ॲक्सिलरेटरची मूठ क्षणभर ढिली केली तरीही जाते. आमच्या कोल्हापूरच्या घराच्या जुन्या दाराची कडी अशीच होती. दार ताणलेलं असताना ती निघायची नाही, नखं तुटायची. दार जरासं आत ढकललं की नुसत्या बोटाने वर व्हायची. क्लचशिवाय गिअर टाकायचा म्हणजे दार आत ढकलायचं. ते काम मनगटाचं. पाय फक्त कडीवर ठेवायचा.

येझदीत हे दार ढकलायचं काम दांड्यातली यंत्रणा करते. एल्सिनोरमध्ये ते काम करणारं कुणी नाही. बाबांच्या आठवणीवर विसंबून मी इतके दिवस पायावर भर देत होतो, तो याच गैरसमजातून.

खर्च असा झाला: तिसऱ्या गिअरची जोडी आणि फोर्क, दोन्ही जुने पण चांगले, १६५ डॉलर. क्लचप्लेटा आणि स्प्रिंगा ११०. क्रँक दुरुस्तीला बाहेर दिला त्याचे २४०. गॅस्केट आणि सील ८५. एकूण ६००, आणि क्रँक परत यायला सात आठवडे. सर्वांत उपयोगी ठरली ती गिअर जागेवर धरून ठेवणारी छोटी स्प्रिंग, बहुधा आठ-नऊ डॉलरची. ती इतकी मऊ झाली होती की दोन गिअरांच्या मध्ये गाडी अडकायची. इंजिन उघडलंच असेल तर ती न विचारता बदला.

गाडी चालू झाली मार्चच्या मध्यावर. गुरुजींनी पहिल्या दिवशी गिअर टाकूच दिला नाही. तिसऱ्यात, शेताच्या सपाट पट्टीवर, एकसारखी ओढ ठेवून चालायचं आणि मूठ अगदी थोडी परत द्यायची. पूर्ण बंद करायची नाही. पाण्याचा नळ आवळताना शेवटी जेवढा फिरतो तेवढीच. सीटखाली गाडीची ओढ थांबल्याचा हलका धक्का जाणवतो. तो ओळखता येईपर्यंत पाय दांड्यापासून लांब. मला तो नक्की ओळखू यायला दोन शनिवार लागले.

मग पाय आला. बुटाचं टोक दांड्याखाली ठेवून आधीच हलका दाब द्यायचा, इतका हलका की गिअर निघू नये, आणि वाट पाहायची. मूठ किंचित परत दिली की दांडा आपणहून वर जातो. लगेच मूठ पुन्हा उघडायची. पहिल्यांदा हे जमलं तेव्हा मला कळलंच नाही. आवाज नव्हता, झटका नव्हता, फक्त इंजिनाचा सूर खाली उतरला होता. मी वळून गुरुजींकडे पाहिलं तर ते मान डोलवत होते.

एप्रिलभर मी एक छोटी वही ठेवली. दर खेपेला तिसऱ्यातून चौथ्यात पन्नास वेळा, आणि किती चुकले त्याचा आकडा. पहिल्या दिवशी एकोणीस चुकले, पुढच्या वेळी सतरा, मग एकदम बावीस. त्या बावीसने मी फार खचलो. घरी येऊन बूट पाहिले तेव्हा लक्षात आलं की नवे मोटोक्रॉस बूट घातले होते. त्यांचं टोक जाड, ते दांड्याखाली नीट जातच नव्हतं. दांडा काढून एक दात वर बसवला आणि पुढच्या शनिवारी आकडा नऊवर आला. महिनाअखेर चारवर. बूट आणि दांडा यांचं जुळवून घेणं ही पहिल्या दिवसाची गोष्ट आहे, मी पाचव्या आठवड्यात केली.

टू-स्ट्रोकचा एक फायदा इथे होतो. मूठ कमी केल्यावर तिचं इंजिन गाडीला फारसं मागे खेचत नाही, त्यामुळे ओढ संपल्यापासून उलटी ओढ सुरू होईपर्यंत डॉगना सुटायला बऱ्यापैकी सवड मिळते. पण त्याची दुसरी बाजूही आहे. या इंजिनाची ताकद एका अरुंद पट्ट्यात असते. मूठ गरजेपेक्षा जास्त वेळ मिटली तर गिअर छान पडतो, आणि गाडी त्या पट्ट्याखाली घसरून भकभक करत बसते. म्हणून चढावर मी थोडं आधी, इंजिन अजून जोमात असताना गिअर टाकतो.

पहिल्यातून दुसऱ्यात मात्र मी अजूनही क्लच दाबूनच जातो. मध्ये न्यूट्रल आहे, आणि दोन गिअरांतलं अंतरही मोठं. शर्यतीत बहुतेक जण दुसऱ्यातच सुटतात, तेव्हा तो प्रश्न येतही नाही. आणि गिअर खाली टाकताना, म्हणजे ब्रेक मारत वळणात शिरताना, मी क्लच वापरतो आणि नवख्यांनीही वापरावा असं कळकळीने सांगतो. वेग जास्त असताना खालचा गिअर नुसत्या पायाने पडला तर मागचं चाक क्षणभर धरतं. शिवाय या गाडीत तेल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं. मूठ बंद ठेवून इंजिन जोरात फिरत राहिलं तर त्याला पेट्रोल मिळत नाही, म्हणजे तेलही मिळत नाही. पिस्टन धरायला तेवढं पुरतं.

११ मेच्या शनिवारी मी पडलो. उंचवट्याच्या चढावर दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना दांडा अर्ध्यावर राहिला. इंजिन किंचाळलं, गाडीची ओढ गेली आणि पुढचं टोक खाली आलं. घाबरून मी दांड्यावर लाथ मारली. गिअर पडला, पण मूठ पूर्ण उघडी होती. मागचं चाक आडवं गेलं आणि मी डाव्या खांद्यावर आपटलो. हाड मोडलं नाही. दहा दिवस हात डोक्यावर जात नव्हता आणि क्ष-किरण तपासणीचे माझ्या खिशातून १८० डॉलर गेले. विमा कंपनीला ‘शर्यतीच्या सरावात झालेली दुखापत चालते का’ हा प्रश्न मी पडल्यानंतर विचारला. तो आधी विचारायचा असतो, आणि उत्तर लेखी घ्यायचं असतं.

त्या रात्री कोल्हापूरला फोन केला. बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. मी सगळं सांगितलं. पायाचा जोर, लाथ, सगळं. ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, “अरे, गाडी अडली की दामटायची नाही. हात आवर आधी. आणि उडीच्या तोंडावर गिअर कशाला टाकतोस? चढ लागायच्या आधीच टाकावा. घाटात मी तसंच करत होतो, तू मांडीवर असताना.”

तेव्हापासून दोन नियम पाळतो. गिअर अर्ध्यावर राहिला तर मूठ बंद, क्लच दाबायचा, शांतपणे गिअर घालायचा, गेलेली जागा जाऊ द्यायची. आणि उडीच्या चढावर पाय दांड्यापासून दूर.

शर्यतीच्या दिवशी पहाटे साडेपाचला गाडी ट्रेलरवर चढवली. सातला नोंदणी. सभासदत्वाचं कार्ड, जबाबदारीमुक्तीच्या कागदावर सह्या, मनगटाला पट्टी. सभासद फी आणि दोन वर्गांची प्रवेश फी मिळून दीडशे डॉलरच्या घरात गेले. एक स्पोर्ट्समन २५० नावाच्या वर्गातला नवख्यांचा गट, आणि दुसरा चाळिशीपुढच्यांचा. मग गाडीची तपासणी. मूठ सोडल्यावर आपोआप मिटते का, लिव्हरच्या टोकांना गोळे आहेत का, इंजिन बंद करायचं बटण चालतं का, हेल्मेटवरचा शिक्का. माझ्या क्लच लिव्हरचा गोळा मेमध्ये पडलो तेव्हा तुटला होता आणि माझ्या लक्षातही आलं नव्हतं. शेजारच्या तंबूतल्या एका अनोळखी माणसाने स्वतःच्या पेटीतला जादा लिव्हर काढून दिला, पैसे घेतले नाहीत. दोन्ही लिव्हर, क्लच वायर आणि गिअरचा दांडा यांचा एक एक जादा नग सोबत ठेवाच.

आमच्या गटाच्या पहिल्या फेरीला साडेअकरा वाजले. वाट पाहण्यात पोट नुसतं ढवळत होतं. केळं आणलं होतं, तेही खाववलं नाही. चौदा गाड्या रांगेत. दुसऱ्यात, क्लच दाबून, डोळे सुटण्याच्या खुणेवर. सुटल्यावर पहिल्या वळणापर्यंत काय झालं ते मला खरोखर आठवत नाही. आठवतं ते त्यापुढचं लांब सरळ मैदान. समोरच्या गाड्यांची माती गॉगलवर आपटत होती, खाली पट्ट्यापट्ट्यांचे खड्डे, आणि तिसऱ्यातून चौथ्यात गिअर पडला तेव्हा माझी डावी चारही बोटं हँडलभोवती होती. गाडी दोनदा आडवी व्हायला निघाली आणि दोनदा सरळ झाली.

त्या फेरीत ट्रॅकच्या पाच चकरांत गिअर एकदा चुकला, तिसऱ्या चकरेत. मूठ मिटली, क्लच दाबला, दोघं पुढे निघून गेले. अकरावा आलो. दुपारच्या दुसऱ्या फेरीत एकदाही चुकला नाही आणि नववा आलो. हात तरीही दगड झाले होते, पण बोटं मिटत होती. चाळिशीपुढच्यांच्या गटातली दुसरी फेरी मी सोडली. खांदा ठणकत होता आणि आणखी एक शर्यत त्याच्यात उरली नव्हती.

सोमवारी संध्याकाळी गॅरेजमध्ये गिअरबॉक्सचं तेल काढलं. आता हे प्रत्येक शर्यतीनंतर करतो. तेल गरम असताना काढावं, आणि बोल्ट चुंबकाचा बसवून घ्यावा, बारा डॉलरला मिळतो. चुंबकावर राखाडी लेपासारखी बारीक पूड असेल तर ती नेहमीची झीज. बोटात चुरून टोचणारी कपची निघाली तर डॉगचे कोपरे उडायला लागले, पुढची शर्यत विसरा. गुरुजी दाराशी उभे होते. मी बोल्ट पुसला, चिमटीत पूड घेतली आणि चुरून पाहिली. टोचलं काही नाही.

बोल्टचा फोटो बाबांना पाठवला. तिकडे पहाट असणार, पण लगेच उत्तर आलं. तेल कोणतं घातलंस, एवढंच विचारलं होतं.